धुराची मालकी : विजापूरच्या चिलमीपासून यवतमाळच्या तेंदूपानापर्यंत

तंबाखू हिंदुस्थानात पोर्तुगीजांनी आणली, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत संपतं. पण ती मोगल दरबारात पोहोचली ती दख्खनमधून, आणि हा किस्सा असद बेग कझवीनी या दरबारी माणसानं स्वतः लिहून ठेवलाय. अकबरानं त्याला विजापूरला पाठवलं होतं. इब्राहिम आदिलशाहच्या मुलीचं लग्न शहजादा दानियालशी ठरलं होतं, त्याच्या कामासाठी. हे साल १६०४च्या आसपासचं. विजापुरात त्यानं तंबाखू पाहिली, भरपूर विकत घेतली, एक रत्नजडित चिलीम तयार करून घेतली आणि आग्र्याला नेऊन बादशहापुढं ठेवली.

पुढचा प्रसंग मजेदार आहे. अकबरानं विचारलं, हे काय? खान-ए-आझमनं उत्तर दिलं की ही तंबाखू, मक्का-मदिनेत सगळ्यांना माहीत आहे. बादशहानं दोन-चार झुरके घेतले. हकीम मध्ये पडला. आपल्या वैद्यकाच्या ग्रंथांत या वनस्पतीचा उल्लेख नाही, गुणदोष माहीत नाहीत, तेव्हा हे घेऊ नये, असं त्याचं म्हणणं. असद बेग त्याच्याशी वाद घालत बसला. प्रत्येक गोष्ट कधीतरी नवीन असतेच, असा त्याचा मुद्दा होता. अकबराला स्वतःला सवय लागली नाही. पण असद बेगनं उरलेली तंबाखू सरदारांत वाटली आणि नंतर सगळेच मागायला लागले. व्यापाऱ्यांनी संधी ओळखली.

गंमत बघा, त्याच १६०४ साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स तंबाखूविरुद्ध पुस्तिका छापत होता. तिकडं राजा विरोधात, इकडं हकीम विरोधात. दोघांचंही कुणी ऐकलं नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. त्यामुळं हा किस्सा वाचताना माझ्या डोक्यात एक साधा प्रश्न येतो. तेव्हा आमचा भाग कुठं होता? वऱ्हाड इमादशाहीकडून १५७४ला निजामशाहीकडे आणि १५९६ला मोगलांकडे गेलं होतं. ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाडच्या सरकारांची जी यादी आहे, तिच्यात कळंब आहे, माहूर आहे. म्हणजे आजचं यवतमाळ तेव्हा मोगलांच्या दख्खनच्या कडेला असलेलं जंगलपट्टीचं मुलूख होतं. विजापूर, बुऱ्हाणपूर, आग्रा या वाटेवरून तंबाखू उत्तरेला गेली. त्या वाटेला लागून असलेल्या या जंगलात तेंदूचं झाड होतंच. फक्त तंबाखू आणि तेंदूचं पान यांची गाठ पडायला अजून तीनशे वर्षं जायची होती.

हुक्का दरबाराचा, चिलीम रयतेची

तंबाखू आली आणि तिची लगेच दोन घरं झाली. एक श्रीमंताचं, एक गरिबाचं.

श्रीमंताच्या घरी हुक्का आला. दख्खनी कारागिरांनी त्याला जे रूप दिलं, ते आज जगभरच्या संग्रहालयांत काचेआड ठेवलेलं आहे. बिदरी काम म्हणजे जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूचं भांडं, त्यात चांदीची नक्षी ठोकून बसवायची आणि बिदरच्या किल्ल्यातली माती वापरून बाकीचा पृष्ठभाग काळा कुळकुळीत करायचा. या कामातल्या सर्वात देखण्या वस्तूंमध्ये हुक्क्याचे बूड येतात. सरदारांकडं हुक्का सांभाळायला वेगळा नोकर असे, त्याला हुक्काबरदार म्हणत.

रयतेकडं मातीची चिलीम होती. शेताच्या बांधावर, बैलगाडीच्या तळावर, दर्ग्याच्या ओट्यावर ती हातोहात फिरायची. चिलमीत एक समूहभाव होता हे खरं, पण त्यातही जातीची रेघ होतीच. कुणाच्या तोंडची चिलीम कुणी घ्यायची, हे ठरलेलं असे. ‘हुक्का-पानी बंद’ हा शब्दप्रयोग बहिष्कारासाठी वापरतात, तो यातूनच आला. बिडी लोकप्रिय का झाली याचं एक कारण मला इथं दिसतं. बिडी ज्याची त्याची असते. ती कुणाच्या उष्ट्याचा प्रश्न उभा करत नाही.

बादशहांची बंदी, उलेमांचा वाद

जहांगीरनं १६१७ला तंबाखूवर बंदी घातली. हे त्यानं स्वतःच्या आठवणीत लिहिलंय. इराणच्या शाह अब्बासनंही बंदी घातली होती. जहांगीरचा वकील खान आलम इराणला गेला तो अट्टल तंबाखूबाज. त्याला राहवेना. शेवटी शाहला त्याच्यापुरती सूट द्यावी लागली. बंदी आणि वकिलाची तलफ यात तलफ जिंकली.

तुर्कस्तानात चौथ्या मुरादनं १६३३ला इस्तंबूलच्या मोठ्या आगीनंतर तंबाखू आणि कॉफीखाने बंद केले. तंबाखू ओढणाऱ्याला थेट मृत्युदंड होता. लोक तरीही ओढत राहिले. पुढं बहाई एफेंदी शेख-उल-इस्लाम झाला. त्याला स्वतःला तंबाखूपायी एकदा नोकरी गमावून हद्दपार व्हावं लागलं होतं. त्याच माणसानं ती मुबाह, म्हणजे परवानगी असलेली, ठरवणारा फतवा दिला. सतराव्या शतकाच्या शेवटी दमास्कसचे सूफी विद्वान अब्दुल गनी नाबुलुसी यांनी तंबाखूच्या बाजूनं अख्खी किताब लिहिली.

हा सगळा वाद वाचण्यासारखा आहे, कारण त्यात ‘इस्लाम काय म्हणतो’ याचं एकच उत्तर सापडत नाही. कुराणात तंबाखू नाही, हदीसमध्ये नाही. ती अमेरिकेहून आलेली गोष्ट. मग फकीहांनी कयास लावला. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये असा हदीस आहे, तेव्हा दुर्गंधीमुळं मकरूह, असं काहींनी म्हटलं. काहींनी म्हटलं की पैशाची उधळपट्टी आहे. काहींनी म्हटलं, अल्लाहनं मना केलेलं नाही, तेव्हा मना करणारे आपण कोण? विसाव्या शतकात वैद्यकीय पुरावा समोर आला, तसे जगभरातले अनेक उलेमा स्वतःच्या हातानं स्वतःचा नाश करू नये या कुराणी आज्ञेवर बोट ठेवून तंबाखूला हराम म्हणू लागले. आपल्याकडं आजही बहुतेक ठिकाणी मकरूहवरच गाडी थांबलेली आहे.

या वादात सगळ्यात व्यवहारी माणूस मला तुर्की विद्वान कातिब चेलेबी वाटतो. १६५६ साली त्यानं लिहिलं, की ही सवय सुटणार नाही, बंदीचा उपयोग नाही. त्यापेक्षा सरकारनं तंबाखू विकण्याचे मक्ते द्यावेत आणि महसूल गोळा करावा.

पुढच्या तीनशे वर्षांत जगभरच्या सरकारांनी नेमकं तेच केलं.

एक इटालियन चिरूट आणि तीन उठाव

इटलीत तोस्कानो नावाचा चिरूट मिळतो. खडबडीत, वाकडातिकडा, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता. दिसायला ओबडधोबड, चवीला कडक. क्युबाच्या चिरूटासारखं त्याला ओलाव्याच्या पेटीत जपून ठेवावं लागत नाही. खिशात टाकला तरी चालतो. बरेच लोक तो मध्ये कापून अर्धा-अर्धा ओढतात. त्याची तंबाखू लाकडाच्या धुरावर सुकवलेली असते, म्हणून धुरालाही शेकोटीचा वास. त्याच्या जन्माची कथा सांगतात ती अशी. १८१५च्या ऑगस्टमध्ये फ्लॉरेन्सच्या कारखान्यातली तंबाखू पावसात भिजली, ऊन लागून आंबली. फेकून देण्याऐवजी तिचे स्वस्त चिरूट वळून गरिबांना विकले आणि लोकांना तीच चव आवडली. वळणाऱ्या बायका होत्या. लुक्का शहरात आजही काही तोस्कानो बायकाच हातानं वळतात.

बिडीचा हा लांबचा भाऊ वाटतो ना? गावठी, कडक, स्वस्त, बायकांच्या हातानं वळलेला. फरक एवढाच, की तोस्कानो आज शौकिनांची वस्तू झाला, त्याच्या चवीवर लोक गप्पा मारतात. बिडीला ते नशीब लाभलं नाही.

पण मला चिरूटापेक्षा त्याच्या मालकीत रस आहे. इटलीत तंबाखू हा सरकारी मक्ता होता. मिलान शहर ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं, तेव्हा तिथल्या तंबाखूचा पैसा ऑस्ट्रियाच्या तिजोरीत जायचा. म्हणून १ जानेवारी १८४८पासून मिलानच्या लोकांनी धूम्रपानच बंद केलं. ऑस्ट्रियन सैनिक मुद्दाम चिरूट ओढत रस्त्यावर फिरू लागले, ३ जानेवारीला दंगल उसळली, माणसं मेली. मार्चमध्ये शहरानं उघड बंड केलं.

दुसरा उठाव इराणचा. मार्च १८९०मध्ये नासिरुद्दीन शाहनं देशातल्या तंबाखूची खरेदी, विक्री आणि निर्यात यांचा पन्नास वर्षांचा मक्ता मेजर टॅल्बट या इंग्रजाला दिला. बदल्यात शाहला वर्षाला १५ हजार पौंड आणि नफ्यातला चौथा हिस्सा. शेतकरी, बाजारातले व्यापारी, उलेमा सगळे खवळले. जमालुद्दीन अफगाणी यांनी समाराला राहणाऱ्या मिर्झा हसन शिराझी या सर्वोच्च मुजतहिदांना पत्र लिहिलं. हेच अफगाणी दहा वर्षांपूर्वी आपल्या दख्खनमध्ये, हैदराबादेत राहून लेखन करत होते. डिसेंबर १८९१मध्ये शिराझींच्या नावानं फतवा आला, की आता तंबाखूचा वापर म्हणजे इमामशी युद्ध. इराणभर हुक्के विझले. शाहच्या जनानखान्यातही हुक्का भरायला नकार मिळाला असं सांगतात. जानेवारी १८९२मध्ये मक्ता रद्द झाला.

लक्षात घ्या, हा फतवा तंबाखू वाईट आहे म्हणून नव्हता. मक्ता गेला आणि फतवा मागे घेतला गेला, लोक पुन्हा हुक्का ओढू लागले. प्रश्न धुराचा नव्हता, धुराच्या मालकीचा होता.

तिसरा उठाव आमच्या पुसदचा. त्यात तंबाखू नव्हती, गवत होतं, पण मुद्दा तोच.

पुसदचं गवत

१८५३ला निजामानं इंग्रजांच्या कर्जापायी वऱ्हाड त्यांच्याकडं सोपवलं. १९०२ला तर ते कायमच्या भाडेपट्ट्यावर गेलं. कागदावर मालकी हैदराबादच्या निजामाची, कारभार इंग्रजांचा. तेव्हा या जिल्ह्याचं नाव वणी जिल्हा होतं, १९०५ला ते यवतमाळ झालं. इंग्रजांना इथं दोन गोष्टी हव्या होत्या, कापूस आणि सागवान. कापसासाठी जमीन मोकळी केली, सागवानासाठी जंगल राखीव केलं. १८७८चा आणि मग १९२७चा वन कायदा आला. कोलाम, गोंड, परधान, बंजारा, जंगलाकाठचा मुसलमान आणि कुणबी शेतकरी या सगळ्यांना कालपर्यंत जे आपलं होतं, ते आज चोरी ठरलं. लाकूड चोरी, चराई गुन्हा, गवत कापणं गुन्हा.

गांधीजींनी १९३०ला मिठाचा सत्याग्रह केला. यवतमाळला समुद्र कुठला? इथं समुद्राच्या जागी जंगल होतं. वणीत जन्मलेले लोकनायक माधव श्रीहरी अणे यांनी १० जुलै १९३०ला पुसदजवळच्या राखीव जंगलात शिरून गवत कापलं. त्यांना अटक झाली. जंगल सत्याग्रह जिल्ह्यात आणि मध्य प्रांत-वऱ्हाडात पसरला. मिलानमध्ये धूर सोडून दिला, इराणमध्ये हुक्का विझवला, पुसदमध्ये विळा उचलला. तिन्ही ठिकाणी लोक एकच सांगत होते, की आमच्या मातीत उगवलेल्यावर तुमचा मक्ता आम्हाला मान्य नाही.

याच काळात बिडी वाढली, हा योगायोग नाही. स्वदेशी आणि असहकाराच्या चळवळींनी परदेशी सिगारेटवर बहिष्कार टाकला, तेव्हा शिकल्यासवरल्या लोकांच्याही हातात बिडी आली.

तेंदूशी गाठ

बिडीचा जन्म गुजरातकडचा मानतात. तिथं तंबाखू पिकायची आणि ती वेगवेगळ्या पानांत गुंडाळून ओढली जायची. १८९९च्या मोठ्या दुष्काळात, छप्पनियाच्या काळात, गुजरातेतून बाहेर पडलेली काही कुटुंबं जबलपूरच्या बाजूला आली. तिथल्या जंगलात त्यांना तेंदूचं पान सापडलं आणि बिडीचा धंदा उभा राहिला. आमच्याकडं या झाडाला टेंभुर्णी म्हणतात, त्याचं पिवळं गोड फळ म्हणजे टेंभरं. पान मोठं, लवचीक, वाळल्यावरही न तुटणारं. आपट्याचं पान, पळसाचं पान, कशालाच ही सर नाही. रेल्वे आली होती, तंबाखू गुजरात आणि निपाणीहून यायची, पान इथलं. मग जबलपूर, गोंदिया, भंडारा, कामठी अशी बिडीची गावं उभी राहिली.

यवतमाळच्या वाट्याला कारखाने फारसे आले नाहीत. आमच्या वाट्याला आलं पान.

तेंदूचा हंगाम एप्रिल-मेमधला. त्याआधी झुडपं छाटतात, म्हणजे नवी कोवळी पालवी फुटते. घरातली बाई पहाटे अंधारात जंगलात निघते. ऊन चढायच्या आत पानं तोडून आणायची. मग अख्खं घर, म्हातारी माणसं आणि पोरंसुद्धा, बसून पानं जुळवतात. महाराष्ट्रात सत्तर पानांचा एक पुडा धरतात आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार पानं. संध्याकाळी पुडे फळीवर न्यायचे, तिथं मोजणी होते, पुडे उन्हात वाळत घालतात. शेतीची कामं नसलेल्या दिवसांत येणारा हा रोख पैसा असतो. पेरणीचं बी याच पैशातून येतं, शाळेची फी याच पैशातून भरली जाते.

आणि धोका? राळेगाव-पांढरकवडा भागात टी-१, म्हणजे अवनी वाघिणीच्या नावावर तेरा माणसांचे मृत्यू लावले गेले. २ नोव्हेंबर २०१८ला बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली. देशभर वाघिणीसाठी मेणबत्त्या लागल्या. मला त्यात चूक वाटत नाही. पण त्या जंगलात माणसं का जातात, गुरं कुणाची असतात, पान कुणासाठी तोडलं जातं, हे त्या चर्चेत फार कमी आलं.

मुख्यमंत्र्यांचा पाईप

महाराष्ट्राचे दोन मुख्यमंत्री पुसदच्या एकाच घरातले. वसंतराव नाईक त्यातले पहिले. पुसद तालुक्यातलं गहुली हे त्यांचं गाव, बंजारा समाज. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ इतका दीर्घ काळ ते मुख्यमंत्री होते. त्यांचे फोटो आठवा. तोंडात किंवा हातात पाईप. पाईप ही त्यांची ओळखच झाली होती. आमच्याकडची जुनी माणसं आजही त्यांचं नाव काढलं की आधी पाईपचा अभिनय करतात आणि मग हायब्रीड ज्वारीबद्दल बोलतात.

त्यांच्याच कारकिर्दीत १९६९चा महाराष्ट्र वनोपज (व्यापाराचे विनियमन) कायदा आला. शेजारच्या मध्य प्रदेशनं १९६४ला तेंदूपानाचा व्यापार सरकारच्या हाती घेतला होता. महाराष्ट्रानं तोच रस्ता धरला. हेतू वाईट नव्हता. खासगी ठेकेदार जंगलातल्या माणसाला लुटत होते, त्यांना आवर घालायचा होता. पण झालं काय? व्यापाराची मालकी सरकारकडं गेली, सरकारनं जंगलाचे गट पाडून लिलाव केले, आणि लिलावात पुन्हा ठेकेदारच आले. पान तोडणारी बाई होती तिथंच राहिली. तिला मिळाली ती मजुरी. पानाची किंमत काय, हे तिला विचारायला कुणी आलं नाही.

कातिब चेलेबी बरोबर होता. सरकारला मक्ता फार आवडतो.

वळणारे हात

गोणी जिल्ह्याबाहेर गेली की ती दुसऱ्या बाईच्या सुपात उतरते. पान भिजवायचं, साच्यानं कापायचं, त्यात चिमूटभर तंबाखू, अगदी पाव ग्रॅमपेक्षाही कमी, घालून वळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर मोजतात. हजार बिड्या वळल्या की त्यातल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला काढतात, त्याचे पैसे कापले जातात. देशात सरकारी नोंदीतच सुमारे ५० लाख बिडी कामगार आहेत आणि त्यात बहुसंख्य बायका. सोलापूरच्या तेलुगू पद्मशाली बायका, निपाणीच्या दलित आणि मुसलमान बायका, बंगालच्या मुर्शिदाबादेतल्या मुसलमान बायका. पडद्यातली बाई घराबाहेर न जाता जे काम करू शकते, ते काम स्वस्तात करवून घ्यायला धंद्याला सोयीचं असतं. आपल्या समाजानं या सोयीला कधी कधी इज्जतीचं नाव दिलं, हेही बोललं पाहिजे.

या हातांनी गप्प बसून सगळं सोसलं असंही नाही. कामठीत बाबू हरदास एल. एन. यांनी बिडी कामगारांची संघटना बांधली. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं तेच हे हरदास. १९३७ला ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १९३९ला अवघ्या पस्तिसाव्या वर्षी वारले. आज देशभर ज्या दोन शब्दांनी लोक एकमेकांना भेटतात, ते शब्द पसरवणारा माणूस बिडी कामगारांचा पुढारी होता, हे किती जणांना माहीत आहे?

निपाणीत सुभाष जोशींनी बिडी कामगार बायकांना उभं केलं. १९८१ला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूचे शेतकरी भावासाठी महामार्गावर ठाण मांडून बसले, ६ एप्रिलला पोलिसांनी गोळ्या घातल्या, शेतकरी मेले. संसदेनं १९६६ला बिडी आणि चिरूट कामगारांचा कायदा केला आणि घरी बसून वळणारी बाईसुद्धा कामगारच आहे हे मान्य केलं. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले, १९७४ला हरले. मग काय केलं? मध्ये ठेकेदार घातला, नोंदी टाळल्या. कायदा कागदावर राहिला.

लिलाव ग्रामसभेचा

१९९६चा पेसा आणि २००६चा वनहक्क कायदा आल्यावर पहिल्यांदा कागदावर लिहिलं गेलं, की तेंदूपानासारख्या गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेची. गडचिरोली-गोंदियातल्या काही ग्रामसभांनी २०१३पासून स्वतः तेंदूचा व्यवहार करायला सुरुवात केली. सरकारी लिलावाला नकार देऊन थेट व्यापाऱ्याशी बोलणी. मजुरीच्या वर गावाला स्वामित्वधन मिळू लागलं. काही व्यापाऱ्यांनी पैसे बुडवलेही, पण गाव शिकलं. करार कसा करायचा, आगाऊ रक्कम का घ्यायची, हिशेब कुणी ठेवायचा, हे सगळं शिकलं.

आमच्या जिल्ह्यातही केळापूर, मारेगाव, राळेगाव, घाटंजी, झरी-जामणी भागातली अनेक गावं पेसा क्षेत्रात येतात. कायदा तोच आहे. पुसदच्या १९३०च्या विळ्याचा खरा वारसा कुठं असेल तर तो या ग्रामसभांच्या वहीत आहे, असं मला वाटतं.

सुखाचं आणि दुखण्याचं

आता ओढणाऱ्याकडं येतो. बिडीत सुख नाही असं मी म्हणणार नाही. आमचे दादा फजरच्या नमाजनंतर ओट्यावर बसून एक बिडी पेटवायचे. काडी ओंजळीत धरून, वाऱ्याकडं पाठ करून. सबंध दिवसात त्यांच्या चेहऱ्यावर जी निवांतपणाची पाच मिनिटं दिसायची, ती तीच. रमजानमध्ये मगरिबची अजान झाली की खजूर आणि घोटभर पाण्यानंतर कितीतरी हात खिशाकडं जातात, हे प्रत्येक मोहल्ल्यानं पाहिलेलं आहे. दिवसभर रोजा निभावणारा माणूस बिडी सोडू शकत नाही असं म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण पूर्ण खरंही बोलत नसतो. तो रोज चौदा तास सोडूनच असतो.

आणि दादांचा शेवटचा हिवाळा मी पाहिलाय. रात्रभर उशांना टेकून बसलेला माणूस, आणि प्रत्येक श्वास विहिरीतून पाणी ओढल्यासारखा. लोकांचा समज आहे की बिडीत तंबाखू कमी, पान नैसर्गिक, म्हणजे सिगारेटपेक्षा बरी. उलट आहे. तेंदूच्या पानातून हवा आत शिरत नाही, बिडी पटकन विझते, म्हणून ती जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते. विषारी वायू, डांबर आणि निकोटीन जास्त जातं. बिडीचा धूर फुप्फुसाला, घशाला, हृदयाला सोडत नाही.

विदर्भातल्या नव्या पोरांनी बिडी सोडली आणि खर्रा धरला. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना घोटून दिलेली ती पुडी. राज्यानं २०१२ला गुटख्यावर बंदी घातली, तरी खर्रा घोटला जातोच. वीस-बावीस वर्षांच्या पोरांची तोंडं उघडत नाहीत. चमचा आत जात नाही. दादांच्या बिडीला निदान सत्तर वर्षं लागली होती.

आता मूळ प्रश्न. चारशे वर्षं आपल्याकडं तंबाखू हलाल, मकरूह की हराम यावर वाद झाला. तो सगळा वाद ओढणाऱ्याच्या तोंडाभोवती फिरला. तोंडाला वास येतो का, पैसा वाया जातो का, शरीर बिघडतं का. पान तोडणाऱ्या कोलाम बाईची मजुरी आणि वळणाऱ्या बाईच्या छाटीत कापलेले पैसे हलाल की हराम, हे मी अजून एकाही जुम्याच्या खुतब्यात ऐकलेलं नाही. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्या, ही शिकवण आपण भिंतींवर लिहितो. तिच्यासाठी कयास लावायची गरजही नाही.

कुणी म्हणेल, तंबाखू जर वाईट, तर धंदा बुडू द्या की. बुडणारच आहे, बुडालाही पाहिजे. पण बुडताना पहिला बळी कोण जाणार? जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हा बिडीवर २८ टक्के आणि तेंदूपानावर १८ टक्के कर लागला. बिडीवर कर असावा, याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या वाढीव कराच्या पैशातून वळणाऱ्या बाईला दुसरं काम शिकवलं का, तिच्या छातीचा एक्स-रे काढला का, हे विचारायला हवं. बिडी सोडा म्हणणाऱ्यानं बिडी वळणारीच्या चुलीचंही बोललं पाहिजे. दोन्ही एकाच दमात बोलता येतं.

आपल्या वस्त्यांत करण्यासारखं त्यातलं बरंच आहे. मशिदीच्या कमिटीनं पानठेल्यावरच्या पोरांसाठी तोंडाच्या तपासणीचं शिबिर ठेवावं. घरात बिडी वळणाऱ्या बायकांची कामगार म्हणून नोंद झाली आहे का, त्यांच्याकडं ओळखपत्र आहे का, हे मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलींनी वही घेऊन पाहावं. पेसा गावांशेजारी राहणाऱ्या आमच्यासारख्यांनी तेंदूच्या हंगामात ग्रामसभेच्या बाजूनं उभं राहावं, ठेकेदार आपला असला तरी. यंदाचा मे महिना येईल तेव्हा झरी-जामणीच्या एखाद्या फळीवर जाऊन बघा. सत्तर पानं मोजताना त्या बायकांची बोटं किती भरभर चालतात ते दिसेल. मग विचारा, शंभर पुड्यांचा भाव कुणी ठरवला.